आईच्या माहेरी मी आणलेली नदी

माझ्या आईचं माहेर दोनदा बुडालं. पहिल्यांदा धरणाच्या पाण्यात, दुसऱ्यांदा माझ्या हातून.

पहिल्या खेपेबद्दल बोलायला मोठमोठी माणसं आहेत. दुसरीबद्दल मात्र मलाच बोलावं लागणार, कारण त्या वेळी खुर्चीत मी एकटाच होतो. (मी देवासच्या शाळेत भूगोल शिकवतो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कळलं तर जास्त हसाल.)

त्याचं असं झालं. माझी मुलगी सई कॉलेजच्या सुट्टीत घरी आली आणि तिने कॉम्प्युटरवर तिचा लाडका खेळ उघडला. त्या खेळात छोटी छोटी माणसं असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, जेवायला घालायचं, वेळेवर झोपवायचं, रुसली तर मनवायचं. हे सगळं मी लग्न झाल्यापासून करतोच आहे. त्याला खेळ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं! आता त्या खेळाला नवी जोड आली होती, सुट्टीचा पॅक. म्हणजे त्या माणसांना फिरायलाही न्यायचं. पोहायचे कपडे, रंगीत छत्र्या, हवा भरलेली बदकं, सगळं त्यात हजर.

आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. गुडघ्यांमुळे ती हल्ली जिना उतरत नाही आणि माझे वडील, अप्पा, गेल्यापासून फारशी बोलतही नाही. घरात जे चाललं असेल ते बघत बसते.

"आजी, तुला पण बनवू क्या खेळात?" सईने विचारलं. (सईचं मराठी हे असं. शाळा हिंदी, कॉलेज इंदूरला, मराठी आजीपुरतं.)

"बनव. पण म्हातारी नको बनवू."

मग एक तरुण आई तयार झाली. लुगडं त्या खेळात नव्हतं, म्हणून सईने तिला कमरेला गुंडाळायचं एक हिरवं फडकं दिलं. आईने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "हिरवं आहे ना? मग झालं."

"आता बोल, सुट्टीत कुठे जायचं? समुंदर, पहाड़, की जंगल?"

"सुट्टीत कुठे जातात?" आईला प्रश्नच कळेना. "माहेरी जातात!"

सईने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. कारण आईचं माहेर म्हणजे जुनं निसरपूर, आणि तिथे आता मासे राहतात.

"तो बना लेते हैं," सई म्हणाली. तिच्या पिढीला सगळं इतकं सोपं असतं!

झालं, घरात बांधकाम सुरू. धारहून मामा व्हिडिओ कॉलवर देखरेख करू लागला. जागा पाहिली, कवेलूचं (म्हणजे कौलांचं) छप्पर चढलं, दारात निंब आला. निम्मा वेळ भांडणात गेला.

"अरे नंदू, न्हाणीघर तिकडे कुठे ठेवून राहिलास तू? डाव्या हाताला होतं भिया!"

"कोणाच्या डाव्या हाताला, मामा?"

"तात्यांच्या!"

"तात्यांचं तोंड कुठे होतं?"

"मशीनकडे, और कहां!"

तात्या म्हणजे आईचे वडील. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सुट्टीच्या पॅकमध्ये शिलाई मशीन कुठून असणार? शेवटी सईने शहाळ्याचं पाणी विकायचं एक टेबल ठेवलं आणि त्यामागे तात्यांना उभं केलं. त्यांचा चेहरा बनवताना आई अगदी पुढे सरकून बसली. "नाक मोठं कर. अजून. कान थोडे बाहेर. हं." शेंगा मांडीवर तशाच राहिल्या.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सकाळचा चहा निसरपूरला व्हायचा. खेळातली तरुण आई निंबाखाली बसायची, तात्या तिला शहाळं द्यायचे, आणि खरी आई त्यांना सांगायची, "तात्या, आता पुरे हो!" तिला असं बोलताना मी फार दिवसांनी ऐकत होतो.

आणि मग पडद्यावर पाटी आली: सुट्टी संपली, आज परत निघायचं. सुट्टीचा पॅक तो, सुट्टी संपणारच! पण खाली वार लिहिला होता, बुधवार.

"छे! बुधवारी मी निघणार नाही," आई म्हणाली. "जाशील बुधी, येशील कधी!"

सईला वाटलं, आजी गंमत करते आहे. मला ठाऊक होतं की नाही. आई शेवटची निसरपूरहून निघाली तो बुधवारच होता. इकडे अप्पांना ताप भरला होता. नव्वदी ओलांडलेले तात्या म्हणत होते, "आजचा दिवस थांब," पण ती निघाली. त्याच पावसाळ्यात पाणी चढलं. मामाने तात्यांना उचलून धारला आणलं आणि तात्या काही दिवसांत तिथेच गेले. मामा आजही धरणाबद्दल तावातावाने बोलतो. आई धरणाला एका शब्दाने बोलत नाही. ती म्हणते, "माझंच चुकलं. बुधवारी निघाले." एवढ्या मोठ्या पाण्याचा दोष तिने स्वतःच्या माथी घेतला होता! मी तिला नकाशा काढून समजावलं, नदीचं पात्र दाखवलं, धरणामागे पाण्याला आलेला फुगवटा दाखवला. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते खरं असेल रे. पण वार बुधवारच होता ना?" यावर भूगोलात उत्तर नाही.

सईने कीबोर्डवरची खालची लांब कळ दाबली. "ले आजी, टाइमच रोखून टाकला. आता बैस आरामात." तात्या शहाळं हातात धरून थांबले, निंबाची पानं थांबली. आईचा जीव भांड्यात पडला आणि ती आत जाऊन लवंडली. सई मैत्रिणीकडे गेली. खुर्चीत मी उरलो.

इथून पुढे जे घडलं त्यात माझा हेतू चांगला होता. (हे वाक्य मी मामालाही फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सगळे हेच म्हणतात.")

आईने सांगितलं होतं, नर्मदा घरापासून लांब होती, उन्हाळ्यात बैलगाडी जुंपून आंघोळीला जायचे. मला वाटलं, एवढं लांब कशाला? तिचे गुडघे दुखतात. उठेल तेव्हा नदी दारात दिसू दे! बांधकामाच्या खुणांमध्ये पाण्याचा एक निळा थेंब होता. तो दाबला आणि निंबापलीकडे एक ओहोळ काढला. फारच बारीक! नर्मदा का अशी असते? शेजारी वर-खाली करायचा एक बाण होता, तो जरा वर ओढला. मग अजून जरा. तुम्ही देवासचे नसाल तर तुम्हाला कळणार नाही. इथे नळ एक दिवसाआड येतो, आला तर करंगळीएवढा येतो, आणि टँकरवाल्याला आम्ही जावयासारखं वागवतो. अशा माणसाच्या हाती आयुष्यात प्रथमच हवं तितकं पाणी आलं होतं! मी ओढतच राहिलो.

भानावर आलो तेव्हा पडद्यावर फक्त कवेलू दिसत होते.

घाबरून मी काहीतरी दाबलं. खेळाने विचारलं, बदल जपून ठेवायचे का? शाळेच्या कॉम्प्युटरने काहीही विचारलं तरी 'हो' म्हणायचं, अशी आम्हाला सवय आहे. मी 'हो' म्हटलं. मग आणखी घाबरून लांब कळ दाबली, तर थांबलेला वेळ सुरू झाला!

बुडालं मात्र कुणीच नाही. सुट्टीचा पॅक ना! सगळ्यांनी एक गिरकी घेतली आणि पोहायचे कपडे घातले. तात्या, ज्यांनी उभ्या गावाच्या विजारी शिवल्या, ते फुलाफुलांची आखूड चड्डी घालून एका पिवळ्या बदकावर बसले आणि स्वतःच्या छपरावरून तरंगू लागले. त्यांच्या डोक्यावर अक्षरं आली: फार आनंदात!

"पुन्हा?"

आई मागे उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"आई, सई आली की नीट करेल..."

"राहू दे." ती हळूच खुर्चीचा हात धरून बसली. "तात्यांना पोहता येत नव्हतं रे. नर्मदेवर गेले तरी काठावर बसून लोट्याने आंघोळ. पाण्याची फार भीती." ती बदकाकडे बघत राहिली. "बघ कसे निवांत तरंगताहेत." ती हसत होती आणि डोळ्यांतून धार लागली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सई आली आणि ओरडली, "बाबा! तुम्ही सेव्ह पण करून टाकलं?" मग म्हणाली, "आजी, फिरसे बांधते ना मी."

"नको बाई. तुझा बाप अजून घरात आहे."

सई पडद्यात डोकावली. "पर आजी, ये देख! रस्ता पाण्यात गेला ना, तर तुला न्यायला गाडी आलीच नाही. गुरुवार लागून गेला!"

"गुरुवार? मग निघते," म्हणत आई उठली. गुडघे विसरून आत गेली आणि ताम्हणात तांदूळ, नारळ घेऊन आली.

"आजी, खुद की ओटी?"

"माझी कसली ओटी आता?" आई म्हणाली. "तिची. ती सवाष्ण आहे अजून."

तिने पडद्यातल्या त्या हिरव्या फडक्याला हळद-कुंकू दाखवलं आणि ओंजळीने तांदूळ सोडले. ते सगळे कीबोर्डमध्ये गेले. सईने पाणी रस्त्यापुरतं उतरवलं, गाडी आली. आई पडद्याला म्हणाली, "येते, तात्या." बदकावरून तात्यांनी हात हलवला. तो खेळात सगळेच हलवतात, पण आईने आपलाही हलवला.

दुसऱ्या दिवशी नळाचा वार होता. नळ आला नाही. मी मोटर लावली; ती घुरघुरली आणि बंद पडली. आई रिकामी बादली घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"नंदू, माझ्या माहेरी एवढं पाणी सोडलंस. त्यातलं बादलीभर इकडे सासरी पण वळव की!"

मी निमूटपणे टँकरवाल्याला फोन लावला. भूगोलाच्या मास्तराला जन्मात एकदाच पाणी आणता आलं, तेही ज्या घरात आधीच छपरापर्यंत होतं तिथे.