नाजूचा पहिला रोजा

माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, मग पेन हातात आलं ते किराणाची यादी करायला. चुका दिसतील, तेवढ्या सांभाळून घ्या. पण हे तोंडानं सांगणं मला जमणार नाही — चार माणसांत पाणी मागायलाही मी लाजते. आणि हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

गोष्ट माझ्या मुलीची आहे. नाझनीन तिचं नाव, घरात नाजू. आता एकवीस वर्षांची आहे, चाकणच्या एका कंपनीत कामाला जाते. तेव्हा ती आठ वर्षांची होती. गोष्ट तिची म्हटलं खरं, चूक मात्र माझी.

आम्ही मूळचे लातूरकडचे. नाजूच्या अब्बांना कंपनीत काम लागलं म्हणून थेरगावात दोन खोल्या घेतल्या. गल्लीत एक आपा, म्हणजे ताई, होत्या, वयानं माझ्याहून लहानच, संध्याकाळी मुलांना अरबी शिकवायच्या. मी गावाकडे शिकले ती छडीखाली. कुराणातले सगळे सुरे पाठ झाले, पण अल्लाचं नाव घेतलं की मला अजून ती छडीच आठवते. या आपांकडे छडी नव्हती. धडा संपला की त्या मुलांना डोळे मिटून हात पुढे धरायला सांगायच्या. म्हणायच्या, आता आज दिवसभरातली एक गोष्ट त्याला सांगा. कुठल्याही भाषेत सांगा, त्याला सगळ्या येतात.

नाजूनं ते घरी आणलं. दिवस मावळतानाची मगरिबची नमाज झाली की माझ्या जानमाजच्या, नमाजाच्या चटईच्या, कोपऱ्यावर बसायची आणि हळू आवाजात बोलत राहायची. मी ओट्याशी उभी. "अल्ला, आज डब्यात परत भेंडी होती. तू अम्मीला दुसरं काहीतरी सुचव." "अल्ला, सानियाशी माझी कट्टी आहे, पण तू तिच्याशी बट्टीच राहा." मला हसू यायचं. आणि खरं सांगू? हेवाही वाटायचा. इतकी वर्षं नमाज पढतेय मी, पण असं एकदा तरी बोलले का त्याच्याशी? भाकरी थापताना मी हात हळू करायची, तिचं एकही वाक्य चुकू नये म्हणून.

त्या वर्षी रमजानमध्ये ती रोजा धरायचा म्हणून हटून बसली. आमच्यात मुलाचा पहिला रोजा म्हणजे मोठं कौतुक. नवे कपडे, गळ्यात हार, संध्याकाळी रोजा सोडायला पाहुणे. येणारा प्रत्येक जण मुलाच्या हातात पैशाचं पाकीट ठेवतो. मी पहिल्यांदाच माझ्या घरी एवढी माणसं बोलावली होती. संत तुकाराम नगरहून नणंद येणार होती, आपा येणार होत्या, कंपनीतले लोक बायकामुलांसह येणार होते. माझ्यासारखीच्या घरात कार्यक्रम — मी आदल्या दिवशीपासून ताटं मोजत होते.

दुपारी नाजू शाळेतून आली ती सरळ माझ्याजवळ. मी फळं चिरत होते, पपईनं हात चिकट झालेले. ती दप्तर न काढताच उभी राहिली. चेहरा असा —

इथं माझा हात थांबतो. हे पान मी दोनदा फाडलंय.

ती म्हणाली, "अम्मी, मी विसरले गं. खो-खो खेळून आले आणि नळाला तोंड लावलं. पोटभर प्यायले. मग आठवलं."

रडत नव्हती. आल्या आल्या मला सांगायला आली होती, एवढंच. विश्वासानं. मला काय माहीत होतं? पाणी प्यालं की रोजा गेला, एवढंच. लहानपणी तेच ऐकलेलं. माझ्या डोळ्यांसमोर हार आले, शेजारणीकडून मागून आणलेली मोठी पातेली आली, नणंदेचं तोंड आलं. मी म्हटलं, कुणाला सांगू नकोस.

"आपांना विचारू?"

"खबरदार विचारलंस तर."

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "अल्लाला तर सांगू ना?"

आणि मी — तिची आई — सुरी खाली न ठेवता म्हणाले, "त्यालाही नको. आज त्याच्याशी बोलूच नकोस."

बस. हेच ते. तेरा वर्षं हे वाक्य माझ्या छातीवर आहे. आठ वर्षांच्या पोरीला मी अल्लापासून तोंड लपवायला शिकवलं. कशासाठी? तीस माणसं जेवून जावीत म्हणून.

संध्याकाळी ती हार घालून मध्ये बसली. रोजा सोडायच्या आधी दुआ मागतात, ती घटका फार मोलाची मानतात. आपा तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "माग गं नाजू, आज जे मागशील ते माग." नाजूनं हात वर केले. ओठ घट्ट मिटलेले. सगळे म्हणाले, किती शांत पोरगी, किती गुणाची. फक्त मला ठाऊक होतं, ती माझं ऐकत होती.

त्या दिवसानंतर जानमाजच्या कोपऱ्यावर कुणी बसलं नाही. दोन महिन्यांत तिनं आपांकडे जाणंही सोडलं. पोट दुखतं म्हणायची, मीही आग्रह केला नाही. पुढच्या वर्षी आपा लग्न होऊन सोलापूरला गेल्या. नाजू नमाज पढते, रोजे धरते, सगळं वेळेवर करते. पण गप्प. माझ्याशीही कामापुरतं बोलते. पाहुण्यांनी दिलेल्या पैशांतून मी पिको-फॉलचं जुनं मशीन घेतलं. तिला विचारलंही नाही.

अजून एक राहिलं. मला वाटतं, याहून वाईट तेच आहे.

तीन वर्षांपूर्वी शेजारी बायकांचा धर्माचा कार्यक्रम होता. समजावून सांगायला आलेल्या बाई सहज म्हणाल्या, विसरून कुणी खाल्लं-प्यालं तर रोजा तुटत नाही. आठवलं की थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचा. अल्लानंच आपल्याला खाऊपिऊ घातलं असं समजायचं. मी भिंतीला टेकून बसले होते. बायका पुढच्या प्रश्नावर गेल्या.

म्हणजे तिचा रोजा होता. पूर्ण, खरा. खो-खो खेळून दमलेल्या पोरीला त्यानंच पाणी पाजलं होतं. हे एक वाक्य त्या दुपारी मला येत असतं तर? निदान तिला आपांकडे जाऊ दिलं असतं तर?

ठरवलं होतं, घरी जाऊन आधी तिला सांगायचं. नाही सांगितलं. रोजा तुटला नव्हता असं सांगायचं म्हणजे ते दुसरं वाक्यही काढावं लागणार — आज त्याच्याशी बोलू नकोस. ते तिच्यासमोर काढायची माझी छाती झाली नाही. आज सांगू, ईदला सांगू, असं करत तीन वर्षं गेली.

गेल्या वर्षी तिला नोकरी लागली. दुसऱ्या पगारानंतर नणंदेचा फोन आला. "काय गं भाभी, तुझी पोरगी मन्नत फेडतेय की काय? पाकीट देऊन गेली. त्यावर नाव बघते तर माझंच, माझ्याच हातानं लिहिलेलं. म्हटलं, बाई, हे कुठल्या जमान्यातलं? तर म्हणे, फूफी, लहानपणी चुकून घेतलं होतं." आणि हसली. मीही हसले.

मग मी नाजूचं कपाट उघडलं. कपड्यांखाली पत्र्याच्या डब्यात त्या दिवसाची पाकिटं होती. रिकामी, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. तेव्हा एकूण सतरा आली होती, त्यातलं एक गेलेलं. आतल्या बाजूला किती रुपये होते तो आकडा पेन्सिलीनं लिहिलेला, लहान मुलीच्या अक्षरात. त्या रात्रीच लिहून ठेवला असणार तिनं.

दर पगाराला एक-दोन पाकिटं कमी होत गेली. मी डबा उघडून बघायची आणि परत तसाच ठेवायची. गेल्या शुक्रवारी शेवटचं होतं, कंपनीतल्या एका माणसाचं, ते आता सांगवीला राहतात. नाजू चपला घालत होती. मी दारात उभी होते, वाक्य अगदी ओठांवर होतं. मी म्हटलं, "स्कार्फ घेतलास का?"

ती जाऊन आली. डबा आता रिकामा आहे. सगळे पैसे फिटले. ती कुणाला एक रुपयाही देणं लागत नव्हती, आणि मी तिला फेडू दिलं.