रक्त कुणाचं

भुऱ्या धापा टाकत फाटकातून आत आला, तेव्हा त्याची छाती रक्ताने माखली होती. शिवणकाम करणाऱ्या काकू मशीनवरून ताडकन उठल्या. झगा अर्धाच शिवून राहिला.

"अहो, ओला टॉवेल आणा! लवकर!"

कुत्रा कितीही जीव लावणारा असला, तरी दुखलं की चावतो. म्हणून काकूंनी कापडाच्या पट्टीने त्याचं तोंड सैलसं बांधलं आणि चाचपायला सुरुवात केली. कान, मान, काखा, पोट, पायाच्या बोटांमधल्या बेचक्यासुद्धा. कानावर एक ओरखडा, बस्स.

"जिताजागता आहे ना? झालं तर मग," काका म्हणाले.

काकू मशीनवर बसल्या, शिवण वाकडी गेली, उसवली. पुन्हा उठून भुऱ्याला तपासलं. तिसऱ्यांदा छाती नीट पुसून काढली, तर खालची कातडी स्वच्छ!

"अहो, हे रक्त याचं नाहीच."

"मग बरंच की."

"बरं काय डोंबलाचं? दुसऱ्याचं काय झालं असेल?"

दुसरं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. भिंतीपलीकडे मोठ्या जाऊबाईंची कुत्री, काळी, राहायची. सासूबाईंच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून दोघी जावांमध्ये चार वर्षं अबोला होता. काकू दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. तिसऱ्यांदा मात्र पदर खोचून थेट पलीकडचं दार वाजवलं.

"तुझ्या भुऱ्याला इंजेक्शन दिलंय ना?" चार वर्षांनंतरचं जाऊबाईंचं हे पहिलं वाक्य.

"दर वर्षी देतो. ताई, काळी कुठंय?"

"पलंगाखाली बसलीय. पाहिलं मी, काही लागलेलं नाही."

"अहो, केस केवढे दाट तिचे! नुसतं पाहून कसं कळणार?"

दोघींनी तिला ओढून बाहेर काढलं. जाऊबाईंनी डोकं धरलं, काकूंची बोटं केसांतून फिरू लागली. पुढच्या पायाच्या काखेत केस चिकट लागले, तशी काळी कळवळली. केस बाजूला केले, तर मण्याएवढं भोक.

"एवढंसंच तर आहे."

"वरून एवढंसं. दात आत किती गेलाय, कुणास ठाऊक. गाडी बोलवा."

जनावरांच्या डॉक्टरांनी तिथले केस कापले. आत कातडी मांसापासून तळहाताएवढी सुटली होती. "उद्यावर टाकलं असतं तर पू झाला असता," म्हणत ते काळीला आत घेऊन गेले.

बाहेरच्या बाकावर दोघींनाही बसवेना. अरुंद जागेत येरझारा घालताना त्या एकमेकींना धडकल्या.

"तेव्हा मी जे बोलले ना..." जाऊबाईंनी सुरुवात केली.

"आत्ता नको, ताई. आधी ती बाहेर येऊ दे."

काळी झोकांड्या खात बाहेर आली. मलमपट्टीला काकू रोज सकाळ-संध्याकाळ जाऊ लागल्या. जखम पंधरा दिवसांत भरली. आधी कोण चावलं, यावरून मात्र दोघी जावा अजून तावातावाने भांडतात.