आक्काच्या अंगणातली डिश

आक्काला पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उन्हाळा लागला होता. पोटातली गाठ काढून झाली होती, पण ती पुन्हा वाढत होती. आता घरीच आराम करू द्या, असं डॉक्टरांनी दाजींना सांगितलं होतं. दाजींनी तो निरोप मला जसाच्या तसा दिला. 'आराम' म्हणजे काय, हे आम्हा दोघांनाही त्या वेळी विचारायचं नव्हतं.

आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे पणदऱ्याच्या घरात मला तिनंच वाढवलं. माझी शाळा चुकू नये म्हणून तिची सुटली. पुढं तिला सणसरला दिली. दाजींचं तिथं रस्त्याला लागून वेल्डिंगचं दुकान होतं. उसाच्या ट्रॉल्या बनवायच्या, मोडलेल्या जोडायच्या. माणूस कष्टाळू, पण अबोल. मी गेलो की "पाव्हणं, बरं हाय का?" एवढं विचारून ते दुकानात निघून जायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं. या घरात आक्का दिवसभर बोलत तरी कुणाशी असेल, असं मला वाटायचं, आणि त्याचा राग मी मनातल्या मनात दाजींवर धरून होतो.

मी तेव्हा बारामतीत एका तंत्रनिकेतनात दूरसंचार शिकवत होतो. उपग्रहावरून निघालेला सिग्नल जमिनीपर्यंत येताना किती क्षीण होतो, त्यात किती नॉईज, म्हणजे नको असलेली खरखर, मिसळतो आणि उरलेल्यात काम भागतं का, याचं गणित मी दर वर्षी फळ्यावर सोडवायचो. फळ्याबाहेर त्याचा उपयोग करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

शनिवारी दुपारी कॉलेज सुटलं की मी एसटीनं सणसर गाठायचो. आक्का सोप्यात खाटेवर पडलेली असायची. समोर टीव्ही. पुण्याकडून येणारं प्रक्षेपण तिथवर जेमतेम पोचायचं. छपरावरचा अँटेना कितीही फिरवला तरी पडद्यावर माणसं कमी आणि मुंग्याच जास्त.

"बंद कर बाबा," ती एकदा म्हणाली. "ह्या मुंग्या बघून डोळं दुखतात. आडवं पडून दुसरं करायचं तरी काय?"

त्या दिवशी मी निघालो तर दाजी माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आले. असं ते कधी करत नसत. एसटी दिसायला लागल्यावर म्हणाले, "पाव्हणं, ते वरनं मराठी कार्यक्रम येत्यात म्हणं. डिशवर. तुमी शिकवता ना त्यातलं?"

"शिकवतो."

"मग आपून करायची का एक? तिच्यासाठी?"

पुढच्या शनिवारी मी आधी दुकानात गेलो. दाजींनी फरशी झाडून ठेवली होती. मी खडूनं तिथंच गणित मांडलं. उपग्रहाची ताकद किती, तिथून इथपर्यंतच्या अंतरात किती जाते, तबकडी किती गोळा करते. दाजी उकिडवे बसून बघत होते.

"म्हंजे आपल्याला मिळणार किती?" त्यांनी विचारलं.

"एका वॉटचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भागसुद्धा पुरता न्हाय मिळत. अर्ध्याहून कमीच."

ते खडूच्या आकड्यांवर वाकले. "एवढ्यात चित्र दिसतं?"

"नॉईज त्याच्याहून बारीक ठेवला तर दिसतं. सहा फुटांची डिश केली तर अगदी काठावर येतं. आठ फुटांची केली तर थोडी शिल्लक राहती."

"मग आठाचीच करू," दाजी म्हणाले.

मी फरशीवर डिशच्या पोटाचा बाक काढून दिला. त्या रेषेवर त्यांनी पट्ट्या वाकवल्या, जोडल्या, वरून बारीक जाळी ताणून बसवली. प्राचार्यांना विचारून मी प्रयोगशाळेतला जुना रिसीव्हर आणला आणि डिशच्या तोंडाशी बसवायची डबीही. आकाशातून आलेला सिग्नल पहिल्यांदा ही डबीच वाढवते. डिश अंगणात उभी केली. छपराचे पत्रे तिचं वजन पेलणार नव्हते, शिवाय खाटेवरून आक्काला ती दिसायलाही हवी होती.

तिचं तोंड आग्नेयेला, वर आभाळाकडं करायचं होतं. ओळंबा आणि कोनमापक घेऊन मी अंदाज बांधला. दाजी डिश धरून केसभर सरकवायचे आणि आत टीव्हीसमोर पडलेली आक्का सांगायची.

"न्हाय. काय न्हाय. मुंग्याच. थांबा, थांबा. आलं व्हतं काय तरी. गेलं. मागं घ्या, अवो."

'अवो' हे दाजींना होतं. दाजींनी मागं घेतलं.

"आलं," आक्का म्हणाली. "बाई दिसती. बोलती बी."

आम्ही दोघं घामानं निथळत आत गेलो. चित्र होतं, आवाज होता, पण पडदाभर पांढरे ठिपके तडतडत होते. पहिल्यापेक्षा बरं, पण आजारी माणसानं तासभर बघावं असं नव्हतं. आक्का म्हणाली, "झालं की. किती छान दिसतंय." ती असं म्हणणार हे मला ठाऊक होतं. लहानपणी मी केलेली कच्ची भाकरीही ती अशीच कौतुकानं खायची.

मी पुन्हा गणित केलं. हातानं बनवलेल्या डिशच्या पोटात थोडा उंचसखलपणा असणार, त्यात काही सिग्नल जात होता. पण खरं खात होती ती जुनी डबी. तिचा स्वतःचाच नॉईज फार होता. सिग्नल वाढवणं आता आमच्या हातात नव्हतं, नॉईज कमी करणं तेवढं होतं. नवी, कमी नॉईजची डबी पुण्यात मिळणार होती, आणि आक्काचे नवे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायलाही कुणीतरी जायचं होतंच. मी गेलो.

डबी लगेच मिळाली. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, चष्मा काढला आणि मला बसायला सांगितलं. "पावसाळा निघेल असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "दुखणार नाही एवढं आपण बघू." मी पेढीचा हिशेब विचारल्यासारखे कोरडे प्रश्न विचारले, औषधं लिहून घेतली आणि बाहेर आलो. परतीची एसटी यवतच्या पुढं गेल्यावर मला रडू आलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं काही न विचारता खिडकीकडची जागा मला दिली.

दाजी फाट्यावर उभे होते. मी उतरलो आणि तिथंच सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांची नजर माझ्या पिशवीकडं गेली.

"डबी घावली का?"

"घावली."

"मग आदी ती बसवू."

स्टुलावर चढून त्यांनी जुनी डबी काढली, नवी बसवली. बोल्ट घट्ट झाल्यावरही पाना फिरवायचं नाटक करत राहिले. मी खाली उभा होतो, पाठमोरा. त्यांना उतरायला बराच वेळ लागला. या माणसाला आक्काची काही पडलेली नाही, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

आत चित्र स्वच्छ झालं होतं. एकही ठिपका नव्हता. आक्का उशीला टेकून बसली होती. "आत्ता दिसली बाई," म्हणाली. "मघाशी नुसती सावली व्हती."

ते काही आठवडे चांगले गेले. नाटकं, शेतीच्या गप्पा, पाककृती, ती सगळं बघायची. मी नोकरीवरून थेट तिकडंच जायला लागलो होतो. एकदा तिनं विचारलं, "हा नॉईज नॉईज म्हणता, तो येतो तरी कुठनं?"

"ऊब असलेल्या समद्या वस्तूंतनं येतो. जमीन, भिंत, झाडं. म्हणून डिश वर थंड आभाळाकडं बघती. जमिनीकडं वळवली तर बिघडंल."

"माझ्या अंगातनं बी येतो?"

"येतो की. समद्यांच्याच."

"ताप आला की जास्ती?"

"थोडा."

ती हसली. "मग माझी खाट लांब लावा. तुमची एवढी मेहनत वाया नको."

दाजीही हसले. मग पाणी आणायला म्हणून उठले आणि बराच वेळ आले नाहीत.

आषाढात तिला डोळे उघडे ठेवणं जड जायला लागलं. ती नुसतं ऐकायची. मग एके दिवशी म्हणाली, "बंद करा आता. तुमीच बोला काय तरी." दाजींना काय बोलावं सुचेना. ते दुकानात कुणाची ट्रॉली आली, कुणाचं चाक निखळलं, ते सांगायला लागले. रोज तेच सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची, मधेच "मग?" म्हणायची. श्रावणात एका दुपारी ते सांगत असताना तिनं "मग?" विचारलं नाही.

नव्या सत्रात तो धडा आला तेव्हा मी फळ्यावर गणित मांडलं आणि पुरं केलं. काही अडलं नाही. उत्तर बरोबर आलं. मुलांनी उतरवून घेतलं. मी स्टाफरूममध्ये जाऊन खुर्चीवर बसलो, पुढच्या तासाची घंटा झाली तरी बसून राहिलो.

भाऊबीजेला मी सणसरला गेलो. कशाला निघालो, ते एसटीत बसल्यावरही मला सांगता आलं नसतं. दाजी दारात उभे होते, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. "याल असं वाटलं व्हतं," म्हणाले. त्यांनी स्वतः स्वयंपाक केला होता. भात गिच्च झाला होता, आमटीत मीठ जास्त पडलं होतं. पाट मांडलेला होता, पण ओवाळायचं कुणी नव्हतं. त्यांनी पाट तसाच बाजूला सरकवला आणि आम्ही जमिनीवर समोरासमोर जेवायला बसलो.

"तिच्या हातची चव न्हाय," ते म्हणाले.

"न्हाय," मी म्हणालो, आणि भात आणखी वाढायला सांगितला.