पाठ लागल्यावर

अण्णांनी मला तालमीत न्यायचं बंद केलं, तो सोमवार होता. आदल्या दुपारी आम्ही पोरांनी भोकरदनच्या दुकानातून व्हीसीआर आणि परदेशी कुस्तीची कॅसेट भाड्यानं आणली होती. खिडक्या लावून दहा-बारा जण बसलो होतो. तापलेल्या यंत्राचा आणि घामाचा वास खोलीत कोंडला होता. वडील, म्हणजे अण्णा, शेतातून आले आणि दारातच उकिडवे बसले. कुस्त्यांच्या फडात त्यांचं नाव होतं, कान मोडलेले होते, आणि सहा महिने रोज पहाटे ते मला तालमीत घेऊन जात होते; अजून नुसत्या जोर-बैठकाच चालल्या होत्या, डाव शिकायचे होते. पडद्यावरचा लांब केसांचा पैलवान पाठीवर पडला तसे ते म्हणाले, "चितपट. झाली कुस्ती." पण तो उठला आणि पुन्हा लढू लागला. "पाठ लागली तरी लढून राह्यला? ह्याला लाज न्हाई का?" पोरं हसली. मित्रांसमोर मला त्यांचीच लाज वाटली. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही जत्रंत नारळासाठी लढणारे. हा तुम्हाला एका हातानं फेकील." पोरं आणखीच हसली. "बराबर हाय," एवढंच म्हणून ते उठून गेले. दुसऱ्या पहाटे ते माझ्या अंथरुणाशी थांबले. मी जागा होतो, पण झोपेचं सोंग घेतलं, आणि ते एकटेच निघाले. नंतर त्यांनी कधी 'चल' म्हटलं नाही, मीही 'येतो' म्हटलं नाही. गेल्या महिन्यात अण्णा गेले. त्यांचा एकही डाव मला येत नाही.