नऊ वर्षांचा आवाज

दिंडोशीच्या वसाहतीत पुरस्कारांचा मोसम सगळ्यात आधी कळतो तो रिक्षावाल्यांना. फिल्मसिटीच्या रस्त्याला व्हॅनिटी व्हॅनची रांग लागली की ते तिकडचं भाडं म्हटल्यावर नुसती मान हलवतात आणि निघून जातात. जयंतीला आजवर त्या दिवसांची माहिती होती ती एवढीच. ती मरोळच्या औद्योगिक वसाहतीत खोके बनवणाऱ्या एका कारखान्याचे हिशेब बघायची, आणि हे दिवस आले की तिला घरी यायला उशीर व्हायचा. या वर्षी मात्र तिच्याच घरातला एक मुलगा त्या शर्यतीत उतरणार होता. फक्त तो मुलगा आता घरात राहिला नव्हता.

म्हणजे प्रितम होता. पंधरा वर्षांचा, बापापेक्षा वीतभर उंच, कानात सदा काहीतरी घातलेला. विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेही नाही. पण सिनेमातला प्रितम नऊ वर्षांचा होता.

तेव्हा रुचिका नावाची एक मुलगी वसाहतीच्या मैदानावर आली होती. मढच्या कोळीवाड्यातली, आजोबांची होडी अजून पाण्यात असलेली, आणि स्वतः मात्र सिनेमाच्या मागे लागलेली. नऊ-दहा मित्रमैत्रिणी, उसना कॅमेरा, घरचंच जेवण असा तिचा सगळा कारभार. आउट दिल्यावर अंपायरशी भांडणारा प्रितम तिने बघितला आणि सरळ घरी येऊन मागणी घातली. जयंतीने नाना शंका काढल्या. उन्हात उभं करणार का, पाण्यात किती आत नेणार, मासळीच्या वासाने त्याला उलटी होते. रुचिकाने प्रत्येक शंकेला ‘हो ताई’ म्हटलं आणि शेवटी जयंतीच रजा टाकून रोज त्याच्याबरोबर मढला गेली, छत्री, इलेक्ट्रॉलचं पाकीट आणि बदलायचे दोन शर्ट घेऊन.

सिनेमा होता एका मुक्या मुलाचा. तो मुका नसतोच, बोलायचं सोडलेलं असतं त्याने. त्याची आई कामासाठी शहरात निघते, आणि ती होडीत बसल्यावर तो पहिल्यांदा तोंड उघडतो. सबंध सिनेमात त्याचं वाक्य एवढं एकच. जयंतीच्या सासूबाईंना, रत्नप्रभाबाईंना, ही गोष्ट अजिबात पटली नव्हती. “आमचो नातू बोलाक लागलो की गप ऱ्हवणा नाय,” त्या म्हणाल्या होत्या, “आणि ह्या चेडवान तेका मुको केल्यान.”

ते एक वाक्य शेवटच्या दिवशी घेतलं. नेमकी त्या वेळी समोरून दुसरी एक होडी गेली आणि तिच्या इंजिनाने मुलाचा शब्द न् शब्द गिळला. उजेड संपला होता, पाणी उतरत चाललं होतं. आवाज नंतर स्टुडिओत घेऊ, दोन आठवड्यांत, असं ठरलं. पण महिन्याभरात लॉकडाउन लागलं. मग पैसे संपले, मग संकलन करणारा मित्र बंगळुरूला गेला, मग रुचिका जाहिरातींच्या शूटिंगवर राबली आणि मिळालेले पैसे थोडे थोडे सिनेमात घालत राहिली. दरम्यान बाहेरचं जग बदललं. असे छोटे, कुणी नट ओळखीचा नसलेले सिनेमे परदेशातल्या महोत्सवांना जाऊ लागले, इथल्या पुरस्कारांतही त्यांची नावं येऊ लागली, अंधेरीच्या मल्टिप्लेक्समध्ये रात्रीचा का होईना पण एक खेळ मिळू लागला. मग एके दिवशी रुचिकाचा फोन आला. सिनेमा पुरा झालाय, एका मोठ्या पुरस्काराला पाठवायचाय, मुदत जवळ आलीय. प्रितमला बालकलाकार म्हणून नक्की नामांकन मिळेल, फक्त ते एक वाक्य राहिलंय.

जयंतीने तेव्हापासून मनातल्या मनात काय काय केलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिला ते बक्षीस हवं होतं, पण मिरवायला नव्हे. तिच्याकडे त्या मुलाचे व्हिडिओ होते, पण त्यांत तो एकतर केक कापत होता, नाहीतर मामासमोर कविता म्हणत होता. सगळे पाहुण्यांसमोरचे आवाज. घरातला, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून रोजचं काहीबाही सांगणारा आवाज कुणी कशाला रेकॉर्ड करील? तो फक्त तिच्या कानात होता. तो मुलगा खरंच होता, असं चारचौघांत कुणीतरी माइकवरून म्हणावं, एवढंच तिला वाटत होतं.

अंधेरीला वीरा देसाई रोडच्या आतल्या गल्लीत स्टुडिओ होता. रविवार होता. प्रितम आला, कारण रुचिका त्याला आवडायची. तिला तो अजून ‘ए दीदी’ म्हणे. काचेच्या खोलीत तो हेडफोन लावून उभा राहिला. पडद्यावर नऊ वर्षांचा प्रितम वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमागून धावत आला, थांबला, आणि त्याचे ओठ हलले. कानात तीन टिकटिक वाजतात, चौथीच्या जागी बोलायचं, अशी तिथली पद्धत. प्रितम चौथीच्या जागी बोलला आणि त्याचं त्यालाच हसू फुटलं. त्या एवढ्याशा तोंडातून तालमीतला पैलवान बोलत होता. आवाज मशीनवर बारीक करून बघितला, तर तो पैलवान नाकात बोलू लागला. जमलंच नाही तर म्हणून आदल्या दिवशी लहान मुलांचे आवाज काढणारी एक कलाकार बोलून गेली होती, तेही ऐकवलं. गोड होतं. बिस्किटाच्या जाहिरातीतल्यासारखं. रुचिकाने डोकं धरलं.

मग तिने जयंतीकडे बघितलं. “ताई, तुम्ही बघता बोलून?”

जयंती उठलीसुद्धा. पण रुचिका कोळ्याची पोर, पोटात एक ओठात एक ठेवणारी नव्हती. तिने आधीच सांगून टाकलं की या पुरस्काराचा नियम आहे, अभिनयाचं बक्षीस हवं तर आवाज त्या नटाचाच लागतो. दुसऱ्याचा आवाज वापरला तर सिनेमा स्पर्धेला जाईल, पण प्रितमचं नाव बालकलाकारात टाकता येणार नाही.

“मग नको,” जयंती म्हणाली. “तो प्रसंगच काप.”

“तो कापला तर सिनेमात राहतं काय?”

“ते मला माहीत नाही. त्याचं नाव यादीत जायला पाहिजे.”

रुचिकाने सहा वर्षं त्या एका प्रसंगावर काढली होती हे जयंतीला दिसत होतं, आणि दिसूनही ती मागे हटत नव्हती. कोपऱ्यातल्या सोफ्यावरून प्रितम म्हणाला, “मला नकोय यार ते ट्रॉफीचं बाहुलं. शाळेत वाट लागेल माझी. आणि मी नाहीच आहे ना तो.”

“तू नाही तर कोण?”

“आई, बघ ना त्याच्याकडे.”

तिने बघितलं. पडद्यावर तो थांबून राहिला होता, तोंड अर्धं उघडं, खालचा एक दात पडलेला. ती काचेच्या खोलीत गेली.

पहिल्या वेळी ती लवकर बोलली, दुसऱ्या वेळी बोललीच नाही. मग आवाज बारीक केला, थोडा नाकात नेला, त्याची घाई आठवून शब्द एकमेकांत घुसवले. बरं जमलं, असं रुचिका म्हणाली. जयंती म्हणाली, अजून एकदा. मग त्याहून बरं झालं, आणि ती पुन्हा म्हणाली, अजून एकदा. टिकटिक वाजायची, तो काठ्यांमागून धावत यायचा, थांबायचा, थेट तिच्याकडे बघायचा. घरी गेलं की हा येणार नव्हता. ती मुद्दाम चुकू लागली. रुचिकाला संशय आला असेल, पण ती पोर प्रसंग मागे घेत होती आणि पुन्हा सोडत होती.

शेवटी कानात दुसराच आवाज आला. बाहेरचं बटण दाबून प्रितम बोलत होता.

“आई, तू कोणाचा आवाज काढतेयस?”

“तुझा.”

“मी असा नव्हतो बोलत. कार्टून झालंय ते. तू तुझ्यासारखी बोल ना.”

“माझ्यासारखी कशाला?”

“ते तुझंच वाक्य आहे. मी तुझी अ‍ॅक्टिंग केलेली.”

जयंतीने काचेतून रुचिकाकडे बघितलं. रुचिकाने मान डोलावली. तिने लिहिलं होतं ते चांगलं पानभर होतं, ती म्हणाली. प्रितम ते सगळं विसरला आणि भलतंच काहीतरी बोलला. तेच जास्त बरं वाटलं म्हणून ठेवलं.

“बाबा न सांगता सटकायचे ना पत्ते खेळायला,” प्रितम म्हणाला. “आणि तू दारात यायचीस. तसं.”

इतकी वर्षं जयंतीला वाटत होतं, वाक्य रुचिकाचं आहे. तिचा नवरा नितेश आता सटकत नव्हता. गुडघे दुखायला लागल्यापासून तो जिना उतरायचाच कंटाळा करायचा. पण ती दारात कशी उभी राहायची, ते तिला आठवलं. तेव्हा ती रागावलेली नसे, रडवेली तर मुळीच नसे. हातात उलथनं असे आणि आत काहीतरी करपत असे.

टिकटिक वाजली. पडद्यावरचा मुलगा थांबला.

“जातेस तर जा,” जयंती म्हणाली. “पण सांगून जा.”

या वेळी तिने अजून एकदा म्हटलं नाही. रुचिकाने ते लावून दाखवलं, तेव्हा स्टुडिओतल्या चहा आणणाऱ्या बाईंनीसुद्धा ट्रे तसाच हातात धरून ठेवला. मुलगा बोलत होता. ते ओठ, ती घाई, तो शेवटाला पडलेला सूर, सगळं त्याचंच होतं. बाईचा आवाज आहे असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

फेब्रुवारीत नामांकनं आली. सिनेमा चार विभागांत होता, बालकलाकारांच्या यादीत दुसरीच मुलं होती. समारंभाच्या संध्याकाळी जयंतीच्या घरी शेजारची अक्षता, तिची मुलगी, सासूबाई, सगळ्या टीव्हीसमोर बसल्या. सिनेमाचं नाव पुकारलं तेव्हा मागच्या पडद्यावर त्यांनी नेमका तोच तुकडा दाखवला. काठ्या, वाळू, तो मुलगा. जातेस तर जा. पण सांगून जा.

रत्नप्रभाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अक्षता म्हणाली, “काय गोड आवाज होता गं तुझ्या पोराचा.”

“हो,” जयंती म्हणाली.

बक्षीस दुसऱ्याच सिनेमाला गेलं. रुचिकाचा मेसेज आला की एका वितरकाने फोन केलाय, अंधेरीत आणि बोरिवलीत दोन खेळ मिळतायत, या सगळे. अक्षता उठून गेली, सासूबाई देवाकडे दिवा लावायला गेल्या. जयंती गॅसपाशी येऊन उभी राहिली आणि स्वयंपाकघराच्या दारातला तो आवाज मनात आठवून बघू लागली, रोज बघायची तसा. येईना. दात पडलेल्या तोंडातून दर वेळी तिचाच आवाज आला. तिने त्याच्याकडून दुसरं काही वदवून घ्यायचा प्रयत्न केला. पाणी दे, शाळेत आज काय झालं माहितीये, आई ऐक ना. तेही सगळं ती स्वतःच बोलत होती.

प्रितम बाटली भरायला आत आला.

“तुझा आवाज कसा होता रे?” तिने विचारलं.

त्याने कानातला इअरफोन काढला. “कधी?”

“लहानपणी.”

बाटली भरून वाहू लागली तरी त्याने नळ बंद केला नाही. खरोखर आठवून बघत असावा.

“मला काय माहीत,” तो म्हणाला. “मी बोलत होतो ना. ऐकत तू होतीस.”