दोन तांब्याच्या पट्ट्या

समजा, तुमच्यासमोर काचेचं पात्र आहे. त्यात पाण्यात हळूहळू ओतलेलं गंधकाम्ल. एक पट्टी तांब्याची, एक जस्ताची. दोन्ही पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायच्या आणि आत सोडायच्या, पण एकमेकींना शिवू द्यायच्या नाहीत. आता तार जोडा. जस्त विरघळताना त्यातले इलेक्ट्रॉन मागे राहतात आणि तारेतून तांब्याकडे धावतात. हीच वीज.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मावशी हे बावीस वर्षं करत आल्या. मुलं त्यांना ॲसिडमावशी म्हणत. त्यांचा एकही कपडा भोकाशिवाय नव्हता. त्या आल्या होत्या झाडू मारायला. पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या सरांनी त्यांना एकटीला बोलावून बल्ब लावून दाखवला. "बघा, ना बटण, ना खांब. हे तुमच्या हातानं होईल." त्या दिवशी झाडू कोपऱ्यात गेला आणि सर त्यांना थोरल्या भावाच्या जागी झाले.

यंदा वर्ग भरला आणि जस्ताची पट्टी सापडेना. सरांच्या हाकांवर हाका. पात्र निदान भरलेलं दिसावं म्हणून मावशींनी दोन्हीकडे तांबंच लावलं; सरांच्या कानात सांगू, असा विचार. पण त्या तोंड उघडेपर्यंत सरांनी पट्ट्यांच्या तारा बल्ब बसवलेल्या लाकडी फळीला जोडल्यासुद्धा. बल्ब लागला. टाळ्या पडल्या.

मावशींनी पट्ट्या पुन्हा पाहिल्या: दोन्ही तांब्याच्याच. दोन धातू वेगळे हवेत, नाहीतर वीज नाही, हे सरांनीच तर शिकवलं होतं.

वर्ग सुटल्यावर त्यांनी फळीखालचे स्क्रू काढले. आत टॉर्चचे दोन सेल.

"सर, हे काय?"

सर चष्मा पुसत राहिले. "मावशी, एका पात्राची वीज ती केवढी? जेमतेम एक व्होल्ट. तांब्यावर बुडबुडे जमले की तीही बसते. मागच्या बाकावरच्यांना काय दिसणार, माझं टक्कल?"

"मुलांचं सोडा. मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही पट्ट्या एवढ्या जीव लावून घासल्या असत्या?"

"घरी मी सांगत आले, माझ्या हातानं दिवा लागतो म्हणून. लेकीनं त्यावर निबंध लिहिला होता, सर."

सरांनी पुढच्या तासाची वही काखेत मारली आणि ते निघून गेले.

जस्ताची पट्टी बेसिनच्या मागे सापडली. मावशींनी ती घासली, पात्रात सोडली, आणि फळी बाजूला सारून तारा थेट काट्याच्या मीटरला जोडल्या. काटा हलला. मग तांब्यावर बुडबुडे दाटले, तसा हळूहळू मागे आला.

म्हणजे पट्ट्या खोटं बोलत नव्हत्या. पण तो पहिला बल्ब, त्या एकट्याच बघत होत्या तेव्हाचा, त्याच्या फळीखाली काय होतं?