दूध सोसायटीतली बालवाडी

त्या साली आमच्या गावात साठण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तळं कोरडं, आड कोरडा, दूध सोसायटीचे कॅनसुद्धा कोरडे. साठले ते फक्त किस्से! बालवाडी भरायची तीन तास, पण तिथलं घरी सांगता सांगता माझ्या भाकरी करपायच्या. आमचे मालक विचारायचे, "तू पोरांना शिकवतीस का पोरं तुला?"

अजून नक्की सांगता येत नाही.

*

मी या गावची सून. बारावी झालेली, म्हणून नव्या बालवाडीवर माझी नेमणूक झाली. ऑर्डर आली, तक्ते आले, खेळण्यांची पेटी आली. खोली मात्र आलीच नाही! महिनाभर मी पोरं मारुतीच्या पारावर बसवली. दहा वाजले की फरशी अशी तापायची, की पोरं एका पायावर उभी राहायची.

उमापूर रस्त्याला दूध सोसायटीची चांगली पक्की खोली होती. जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध बंद, खोलीला कुलूप. चावी चेअरमन अण्णांकडे. मी तीनदा त्यांच्या घरी गेले. एकदा म्हणाले, "बघू." एकदा म्हणाले, "मीटिंगमधी घेतो." तिसऱ्यांदा घरात असून भेटलेच नाहीत.

चौथ्यांदा मी पोरंच घेऊन गेले. अकरा जण. अण्णांच्या ओसरीवर रांगेत बसवली आणि जोरात प्रार्थना सुरू केली.

अण्णा बाहेर आले. "ह्ये काय, सूनबाई?"

"बालवाडी, अण्णा. खोली मिळंपर्यंत हितंच भरवावी म्हणते."

अण्णा काही बोलणार, तेवढ्यात रांगेतल्या सगळ्यात धाकट्यानं बसल्या जागी धार सोडली. ती वाकडीतिकडी वाहत अण्णांच्या चपलेपर्यंत गेली. अण्णांनी चपलेकडं बघितलं, पोराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग आत तोंड करून ओरडले,

"आगं, सोसायटीची चावी आन आधी!"

*

खोलीतला पहिला दिवस. पारावर आया शेजारीच बसायच्या, त्यामुळं पोरं गप असायची. इथं आया गेल्या, मी दार लोटलं, आणि अकराच्या अकरा रडायला लागली! मी गाणं म्हटलं. टाळ्या वाजवल्या. बाहुली नाचवली, तर बाहुलीला बघून दोघांचा आवाज आणखी वाढला. शेवटी मलाच रडू यायला लागलं.

आमच्या मदतनीस कौसामावशी दारात खिचडीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीला टेकलेली बाई. मानसुद्धा वर केली नाही त्यांनी.

"रडू द्या, बाई. वरून तर थेंब न्हाई. गावात कुठंतरी पाणी पडतंय!"

*

गेवराईहून सुपरवायझर मॅडम पहिल्यांदा तपासणीला येणार होत्या. आठ दिवस मी पोरांकडून घोटून घेतलं. झाडावर कोण राहतं? चिमणी. गोठ्यात कोण राहतं? गाय. पाण्यात कोण राहतं? मासा.

मॅडम आल्या. कौसामावशींनी त्यांना पेलाभर पाणी दिलं. चिमणी बरोबर आली, गायही बरोबर आली. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

"आणि पाण्यात काय असतं, बाळा?" मॅडमनी विचारलं.

प्रश्न जरासा बदलला आणि आमची अंजली ताडकन उभी राहिली. "टीसीएल!"

"काय?"

"पांढरी पावडर. टँकरच्या पाण्यात टाकतेत. लई वास येतो. परवा मला हगवन लागलती."

मॅडमनी हातातला पेला हळूच खाली ठेवला.

*

आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जाणारं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते अंकगणितात येईल असं मला वाटलं नव्हतं!

खडे मांडून बेरीज शिकवत होते. एक खडा आणि एक खडा किती? दोन. एक पोर आणि एक पोर किती? दोन. बंडू सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचा, म्हणून मी मुद्दाम त्यालाच विचारलं, "एक आई आणि एक बाप, किती?"

"एक कोयता!"

तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून मुकादम एक कोयता धरतो. बंडूनं घरी तेच ऐकलेलं. मी म्हटलं, "नाही रे राजा, दोन माणसं होतात."

त्यानं माझ्याकडं फार कीव येऊन बघितलं. "बाई, तुमी तोडीला जाऊ नका. मुकादम तुमाला फशिवल."

*

दसरा झाला आणि टोळ्या निघायची वेळ आली. पोरं गेली की पाच महिने गेली, आणि शिकलेलं सगळं उसाच्या फडात राहणार. मी आणि कौसामावशी घरोघर फिरलो. आज्या घरीच राहणार आहेत, मग लेकरं ठेवून जा की!

एक आई म्हणाली, "म्हातारीला दिसत न्हाई. कोन बघंल ह्याला?"

"मी बघते," कौसामावशी म्हणाल्या. "मला दिसतंय."

निघायच्या दिवशी ट्रक गच्च भरलेला. आम्ही दोघी खाली उभ्या राहून एकेक पोर उतरवून घेत होतो. मुकादम तापला. "ओ बाई! तुमी शाळा चालवा, टोळी आमी चालवतो!"

मी म्हटलं, "मोठ्यांची चालवा. धाकटी माझ्या पटावर हायेत. ती घेतल्याबिगर मी हलणार न्हाई."

सात पोरं खाली आली. मुकादम तणतणत केबिनकडं गेला. ड्रायव्हरला आता निघायला सांगतो असं वाटलं. तो परत आला तेव्हा कडेवर त्याचाच चार वर्षांचा मुलगा होता.

"ह्यो बी ठिवा," तो म्हणाला. "लई वढाळ हाय, बांधून ठिवा!"

*

रुक्मीण मात्र गेली. साडेपाच वर्षांची. तान्ह्या भावाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं. मी तिच्या आईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

चैत्रात टोळी परतली. दुसऱ्याच दिवशी तिची आई तिला सोडायला आली आणि दारातच हसायला लागली.

"बाई, हिनं कारखान्याच्या तळावर शाळा घातली व्हती! आमी फडात गेलो की झोपड्यांतली समदी लेकरं गोळा करायची, उसाच्या पाचटावर बसवायची. भाऊ कडंवर आन हातात कांडं. तुमच्यावानीच डोळे वटारायची!"

आई गेली. पोरं रांगेत बसली. रुक्मीण बसेना. माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"रुक्मिणी, जागेवर बस."

"थांबा, बाई. हजेरी ऱ्हायलीय."

"तुझी मांडते ना मी."

"माजी न्हाई. माज्या पोरांची. काल ट्रक लवकर सुटला, घ्यायचीच ऱ्हायली."

आणि ती सुरू झाली. "पूजा... किसन... बारकी पूजा... गोट्या..."

कुठल्या कुठल्या तालुक्यातली पोरं ती. आमची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. रुक्मीण प्रत्येक नावानंतर थांबायची, दाराकडं बघायची, मान हलवायची, आणि पुढचं नाव घ्यायची.